खाली गाडी काहून थरथरते? पिकअपच्या शाफ्टचा कोन

(दृश्य: वाडी, अमरावती रोड. सकाळ. कडेला ओळीनं उभे पिकअप.)

अमरावती रोडनं वाडीच्या पुढं निघालं ना, की दोन्हीकडे गोडावनं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, टायरवाले, वेल्डिंगवाले अन् मधेच एखादं टिनाचं शेड, जिथं खालून उघडी केलेली एखादी तरी गाडी असतेच असते. काटोल-कोंढाळीकडचा संत्रा कळमन्याच्या मार्केटला जातो, हिंगण्याच्या अन् बुटीबोरीच्या एमआयडीसीतून खोके निघतात, सिमेंट, लोखंड, कोंबड्या, लग्नाचा मंडप, काय नाही जात पिकअपवर. बोलेरो म्हणा, योद्धा म्हणा, दोस्त म्हणा, नागपूर शहर अर्धं तर यांच्याच भरवशावर चाललंय.

अन् या गाड्यांच्या ड्रायव्हर लोकांची एक तक्रार असते, ऐकायला जरा उलटीच वाटते. माल भरून निघालं तर गाडी बरोबर चालते. माल उतरवून खाली, म्हणजे रिकामी, गाडी घेऊन परत निघालं, साठ-पासष्टचा स्पीड धरला, की सीटखालून घूंऽऽ करत थरथर चालू. गिअरची दांडी थरथरते, मागचा फाळका वाजतो, मोबाईल स्टँडवरून घसरते. ऐंशीला गेलं की कधी कमी होते, कधी वाढते.

मग चालू होतो खर्च. आधी टायर बॅलन्सिंग. मग कोणीतरी म्हणतो क्रॉस, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा, गेला असेल, क्रॉस नवा. मग इंजिनचं फाउंडेशन रबर. मग शाफ्ट काढून लेथवाल्याकडे, बॅलन्स करून आणला, त्याचे पैसे वेगळे. अन् सहा महिन्यांत तोच नवा क्रॉस पुन्हा खडखड करायला लागतो, मग म्हणायचं आजकाल पार्टच ओरिजिनल मिळत नाहीत. मिळत नसतीलही. पण ज्या कोनात तो क्रॉस फिरून राहिला तो कोन कोणी मोजला का, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात.

(दृश्य: शेडच्या आत. खड्ड्यावर पांढरा पिकअप. मिस्त्री खाली उतरतात.)

आजचे मिस्त्री वयानं साठीकडचे, बोलायला कमी. त्यांच्या खिशात तळहाताएवढा एक डिजिटल अँगल गेज असतो, खाली लोहचुंबक, लोखंडाला लावला की चिकटतो अन् डिग्री दाखवतो. गाडीमालक आल्या आल्या सांगायला लागला, काका क्रॉस तर आताच बदलला हो. मिस्त्रींनी एकच म्हटलं, "क्रॉस नवा हाय भाऊ, पण कोन तर जुनाच हाय ना. पाहू द्या आधी मले खालतून."

खालून पाहण्याच्या आधी मात्र त्यांनी गाडी एक चक्कर फिरवून आणली, अन् हे मला आवडलं कारण बरेच जण ही पायरीच खाऊन टाकतात. साठचा स्पीड चौथ्या गिअरमध्ये धरला, मग तोच साठ पाचव्यात. थरथर तशीच. म्हणजे इंजिन, क्लच यांचं काम नाही, कारण गिअर बदलला तेव्हा इंजिनचे आरपीएम बदलले ना, थरथर बदलली नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, सोडून पाहिला. सोडला की आवाजाची जात बदलत होती. हे शाफ्टच्या कोनाचं लक्षण, टायरच्या थरथरीत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय अन् सोडला काय, फारसा फरक पडत नाही. टायरची थरथर शिवाय संथ असते, चाक साठच्या स्पीडला सेकंदात साधारण आठ चक्कर मारते, शाफ्ट त्याच्या चारपटीहून थोडा जास्त फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, बूड सुन्न करणारी. हे पाहायला रस्ता मात्र गुळगुळीत पाहिजे. नागपुरात सिमेंटचे रस्ते भरपूर झालेत, पण त्यांच्या जोडावरचं ठक-ठक वेगळं ओळखता आलं पाहिजे, नाहीतर त्या ठकठकीलाच गाडीचा फॉल्ट समजून बसाल.

(दृश्य: शाफ्टचा क्लोजअप, गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत.)

आता शाफ्टचं काम. गिअरबॉक्स चॅसिसला बांधलेला, तो जागचा हलत नाही. मागचा एक्सल पट्ट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसलेला, खड्डा आला की वर-खाली. या दोघांच्या मधात प्रोपेलर शाफ्ट, अन् त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकड्यात सुद्धा फिरणं पोहोचवता यावं. कल्पना जुनी आहे, रॉबर्ट हुकनं सतराव्या शतकात यावर काम केलं, पॉलिटेक्निकची पोरं अजूनही परीक्षेत हुक्स जॉइंटचा डायग्राम काढतात. गाडीसाठी त्याला पक्कं रूप दिलं ते अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरनं, त्याचं पेटंट १९०३ चं, त्याच्या आधी बऱ्याच मोटारी चेनवर चालायच्या.

पण या क्रॉसमध्ये एक खोड आहे अन् सगळी भानगड तिथंच आहे. क्रॉस वाकडा असला की एका बाजूनं एकसारखं फिरवलं तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एकाच चक्करमध्ये दोनदा ती थोडी पुढं पळते, दोनदा मागं राहते. १० डिग्रीचा कोन धरा अन् गिअरबॉक्स २००० आरपीएमनं फिरतोय असं धरा, तर शाफ्ट १९७० अन् २०३१ च्या मधात सारखा खालीवर होत राहतो, तेही मिनिटाला चार हजार वेळा. डोळ्यांना काही दिसत नाही. बुडाला कळतं.

मग हे दुरुस्त कोण करतो? मागचा क्रॉस. पुढच्या क्रॉसनं जेवढी उधारी केली तेवढी मागच्यानं फेडायची, हिशोब बरोबर झाला तर मागच्या पिनियनला, म्हणजे एक्सलच्या हौसिंगमधल्या पहिल्या दातेरी चाकाला, एकसारखं फिरणं मिळतं, मधातला शाफ्ट बिचारा एकटा कमी-जास्त होत राहतो, पण बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. आता फेडायचं तर दोन्हीकडचे कोन सारखे पाहिजेत, अन् शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुफाटे, एका लाइनीत पाहिजेत. कोनात फरक आला, की बाकी राहिलेली उधारी थरथर होऊन सीटखाली येते. अन् स्पीड वाढला की ती नुसती वाढत नाही, स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून चाळीसला जी गाडी गप असते ती पासष्टला बोंब मारते.

इथं बरेच जण गफलत करतात. त्यांना वाटतं शाफ्ट गिअरबॉक्सपासून मागपर्यंत सुतासारखा सरळ पाहिजे. नाही ना. सरळ असायला पाहिजे असं काहीच नाही, उलट अगदी शून्य कोन असला तर क्रॉस लवकर मरतो. ते कसं, हे टेबलवर पाहू.

(दृश्य: टेबलवर उघडलेला जुना क्रॉस. मिस्त्री बोटानं दाखवतात.)

हा कप. याच्या आतमध्ये सुया, नीडल रोलर, एकाला एक लागून गोल उभ्या. यांनी लोळत राहायला पाहिजे, लोळल्या तर ग्रीस सगळीकडे फिरतं. शून्य कोनात त्या लोळतच नाहीत, जिथल्या तिथं उभ्या राहून सगळा भार झेलतात. आता हा क्रॉसचा खांब पाहा. कपड्यानं पुसला, उजेडात धरला, त्याच्यावर उभ्या बारीक रेघा. नख फिरवलं की नख अडकतं, टक टक टक, प्रत्येक सुईनं आपापली नाली पाडून ठेवलेली. अन् कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी, ग्रीस नाही, गंजलेलं लोखंड आहे ते. कुठल्याही गाडीखाली वाकून क्रॉसभोवती ही तांबडी धूळ दिसली, की समजा त्या कपात ग्रीस कधीचंच संपलं.

तर कोन कमीत कमी अर्धा-एक डिग्री तरी असावा, अन् साधारण तीनच्या आत राहिला तर उत्तम. जास्त चालत नाही असं नाही, स्पीडवर आहे. स्पायसरचा जो तक्ता मेकॅनिक लोक वापरतात त्यात ५००० आरपीएमला सव्वातीन डिग्रीच्या आसपास मर्यादा आहे, ३००० ला पावणेसहाच्या थोडं वर, १५०० ला साडेअकरा. पण ही शेवटची हद्द झाली, तिथं रोज राहायचं नसतं. अन् पुढच्या-मागच्या कोनात फरक एक डिग्रीच्या आत, हा नियम मात्र मिस्त्री सोडत नाहीत.

(दृश्य: खड्ड्यात. गेज शाफ्टला चिकटतो.)

मोजायचं कसं? गाडी खड्ड्यावर, चारही चाकं जमिनीवर, चाकाला लाकडी गुटका, हँडब्रेक. जॅक लावून चॅसिस उचलली तर मागचा एक्सल लोंबकळतो, सगळे कोन बदलतात, ते मोजून काही फायदा नाही. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगानं आहेत ज्यात गाडी लिफ्टवर टांगून कोन मोजून राहिले, पाहून डोकं धरावंसं वाटतं. जमीन थोडी उताराची असली तर चालते, कारण उतार तिन्ही मापांत सारखाच मिसळतो अन् आपल्याला पाहिजे फरक.

मापं तीन. गिअरबॉक्सचं मागचं तोंड किती झुकलंय, शाफ्टची नळी किती झुकलीये, अन् मागच्या हौसिंगचं पिनियन किती झुकलंय. नळीवर गेज ठेवायच्या आधी ती पुसायची, डांबर-माती चिकटली असली तर खरवडायची, शिवाय जिथं बॅलन्सिंगचा वजनाचा तुकडा वेल्ड केलाय तिथं गेज ठेवायचा नाही. पिनियनला योकच्या कपावर ठेवायचा, पण त्यासाठी योक बरोबर उभा यायला पाहिजे, अन् चाकं जमिनीवर असताना शाफ्ट हातानं थोडीच फिरतो. मग? गुटके काढून, हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये दोन पोरांनी गाडी बोटभर पुढं ढकलायची, थांबायचं, पाहायचं, पुन्हा जराशी. मिस्त्री ओरडतात, "अजून... अजून... बस बस!" अन् मिस्त्री खड्ड्याच्या कडेला असतात, चाकाच्या रस्त्यात नाही. लगेच पुन्हा गुटके.

मोबाईलचं अ‍ॅपही चालते म्हणा, पण कॅमेऱ्याचा जो उंचवटा असतो मागं, त्यानं मोबाईल सपाट बसत नाही अन् डिग्री-दीड डिग्रीचा घोळ होतो. आपल्याला अर्ध्या डिग्रीवर भांडायचं आहे. गेज घ्या, फार महाग नाही.

या गाडीची मापं आली अशी: गिअरबॉक्स मागं झुकलेला ३ डिग्री. शाफ्ट ८. पिनियन अर्धा. आता वजाबाकी करा. पुढचा कोन ८ वजा ३, म्हणजे ५. मागचा ८ वजा अर्धा, साडेसात. फरक अडीच डिग्री. एकाची जागा अन् अडीच.

मग त्यांनी मालकाला सांगितलं, गोडावनातून पोती आणा, रोजचा जेवढा माल भरता तेवढा भरा. भरला. गाडी बसली, शाफ्ट साडेपाचवर आला, पिनियन १ वर. पुढं अडीच, मागं साडेचार. फरक अजूनही २, पण दोन्ही कोनच लहान झाले ना, म्हणून भरलेल्या गाडीत थरथर जाणवत नव्हती. तक्रार उलटी वाटत होती, ती अशी सुलटी झाली.

(दृश्य: मागचे पट्टे, लांब शॅकल.)

आता हे झालं कशानं? मिस्त्रींनी टॉर्च पट्ट्यांच्या मागच्या टोकाला मारला. शॅकल, म्हणजे पट्ट्याचं मागचं टोक चॅसिसला जोडणारी कडी, बदललेली, कंपनीची नाही, लांब. वर एक पट्टा जास्तीचा. संत्र्याच्या सीझनमध्ये गाडी मागून बसते म्हणून कुठंतरी करून घेतलेलं काम. गाडी मागून उंच झाली की गिअरबॉक्स अन् एक्सल यांच्यातलं उंचीचं अंतर वाढते, शाफ्ट जास्त तिरपा होतो, अन् दोन्हीकडचे कोन जुळत नाहीत. गाडी उंच झाली हे सगळ्यांना दिसलं, कोन बिघडला हे कोणी पाहिलं नाही.

मला विचाराल तर सरळ उपाय म्हणजे कंपनीची शॅकल परत लावणं अन् आरसीवर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच भरणं. ओव्हरलोड हा यातला बाप आहे, बाकी सगळी त्याची पोरं. मालकाला तसं सांगितलंही. त्यानं हसून मान हलवली, जशी सगळे हलवतात, अन् म्हणाला शॅकल राहू द्या काका.

तर मग पाचर. एक्सलच्या बैठकीवर पट्टे बसतात तिथं मधात लोखंडी पाचर टाकायची, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक. मिस्त्रींनी घेतली २ डिग्रीची. जाड बाजू कुठं करायची यात हमखास गोंधळ होतो. पट्टे एक्सलच्या वर असतील, या गाडीत आहेत, तर जाड बाजू मागं केली की पिनियनचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर येते. पट्टे एक्सलच्या खालून असतील तर उलटं. पाचर स्टीलची पाहिजे, अ‍ॅल्युमिनियमची मिळते पण मालगाडीत ती दबते, फुटते. पाचरीला सेंटर बोल्टसाठी भोक असते, बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, म्हणून बोल्ट जरा लांब लागतो, कधी यूबोल्टही.

इथंच थांबून त्यांनी टेप काढला. दोन्ही बाजूंनी पट्ट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत अंतर. सेंटर बोल्ट तुटला असला तर एक्सल एका बाजूनं मागं सरकतो, गाडी तिरपी चालते, टायर घासतो, अन् शाफ्टला आडवा कोनही पडतो जो गेजमध्ये दिसतच नाही. या गाडीत दोन्हीकडे अंतर सारखं निघालं. सोबत गिअरबॉक्सचं फाउंडेशन रबर पाहिलं, फाटलेलं नव्हतं. ते फाटलं असतं तर गिअरबॉक्सचा ३ चा आकडाच खोटा होता.

पिनियन अजून वर का नाही केलं, खाली गाडीतच पूर्ण ३ ला बरोबर? अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकांच्या जोरानं पट्टे पिळतात अन् नाक आपोआप वर उचलते, पट्ट्याच्या गाडीत डिग्री-दोन डिग्री सहज. म्हणून उभ्या गाडीत नाक जरा खालीच ठेवायचं.

(दृश्य: शाफ्ट उतरवताना, योकवर पांढऱ्या रंगाच्या खुणा.)

शाफ्ट पूर्ण उतरवायची वेळ आली तर आधी रंगानं खूण. फ्लँजवर एक, सरकणाऱ्या स्लीव्हच्या दोन्ही भागांवर एक. स्लीव्ह एक दात जरी चुकून बसवली तरी पुढचा योक अन् मागचा योक एका लाइनीत राहत नाही, मग कोन कितीही बरोबर करा, उधारी फिटत नाही. बऱ्याच शाफ्टवर कंपनीचे बाण असतात, चिखलाखाली. या गाडीत मागच्या वेळी क्रॉस बदलणाऱ्यानं ते बरोबर बसवलं होतं, त्याचं कौतुक.

लांब चॅसिसच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, मधात सेंटर बेअरिंग. तिथं मापं चार होतात, क्रॉस तीन, अन् सेंटर बेअरिंगचं रबर बसलं की मधला कोन बिघडतो. गाडी जागेवरून उचलताना झटक्यासोबत घर्रर झालं तर आधी तेच पाहा. ब्रॅकेटखाली पत्र्याचे शिम कमी-जास्त करून ते वर-खाली करता येतं. योकची लाइन मात्र तिथं कंपनीनं जशी सांगितली तशीच, अंदाजानं नाही.

(दृश्य: यूबोल्ट कसताना.)

पाचर बसली. यूबोल्टचे नट कोपऱ्या-कोपऱ्यानं थोडे थोडे कसले, गाडीचं वजन चाकावर असताना, शेवटी टॉर्क रेंचनं. पुन्हा मापं. खाली गाडीत पिनियन अडीच, शाफ्ट साधारण तोच, म्हणजे पुढं ५, मागं साडेपाच. फरक अर्धा. पोती पुन्हा चढवली, पिनियन ३, शाफ्ट साडेपाच, दोन्हीकडे अडीच-अडीच. खाली गाडीत ५ हा आकडा मोठाच आहे, क्रॉसचं आयुष्य तेवढं राहणार नाही जेवढं कंपनीच्या शॅकलवर राहिलं असतं. मिस्त्रींनी ते मालकाला बिलाच्या कागदामागं लिहून दिलं, तिन्ही मापं, तारीख टाकून. अन् खाली एक ओळ, दोन-चार भरलेल्या खेपा झाल्या की यूबोल्ट पुन्हा कसायला आणा, नवी पाचर दबते.

(दृश्य: अमरावती रोड. पिकअप खाली. कॅमेरा केबिनमध्ये.)

पन्नास. साठ. गिअरची दांडी गप आहे. पासष्टला मालक मिस्त्रींकडे पाहून हसला, मिस्त्री काही हसले नाही, त्यांचा हात सीटच्या कडेवर. सत्तरला एक संथ लप-लप चालू झाली, पायाखाली, मागून. मालक म्हणाला, काका, आहे ना अजून थोडं. मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटर सोडायला लावला, लप-लप तशीच. पुन्हा दाबायला लावला, तशीच.

"हे शाफ्टचं नाही. मांगच्या उजव्या टायरले फुगा आला हाय, सकाळीच दिसला मले. चाल, त्या टायरवाल्याकडे घे गाडी."